ओढणारा आणि बसणारा

काश्मिरी माणसाच्या हिशेबात हिवाळ्याला तीन भावंडे आहेत. थोरला ‘चिल्लई कलान’. तो २१ डिसेंबरला दाराशी येतो आणि चाळीस दिवस हलत नाही. मधला ‘चिल्लई खुर्द’, वीस दिवसांचा. धाकटा ‘चिल्लई बच्चा’, जेमतेम दहा दिवसांचा. फेब्रुवारीच्या विशीत येतो आणि मार्च लागता लागता निघून जातो. थोरल्याच्या अमलात नळ गोठतात आणि माणसे फेरनच्या आत कांगडी पोटाशी धरून दिवस मोजतात. धाकट्याचा धाक मात्र फारसा कोणाला वाटत नाही. दुपारी ऊन पडते, खाली श्रीनगरात चिखल होऊ लागतो आणि वर डोंगरावर दोन महिन्यांचे साठलेले बर्फ अजून शाबूत असते. हौशी प्रवाशाला ऊन आणि बर्फ एकाच जागी मिळाल्यावर आणखी काय हवे? गुलमर्गचा हा सुगीचा काळ.

आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांना काश्मीर नवे नाही. पूर्वी मे महिन्यात, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, श्रीखंडाच्या वड्या आणि चिवड्याचे डबे बरोबर घेऊन लोक जात असत. अलीकडे बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळीही मुद्दाम बर्फ बघायला ऐन थंडीत जाऊ लागली आहेत. निवृत्त झालेले, मुले मार्गी लागलेले, गुडघे अजून थोडेफार साथ देणारे असे आपण लोक. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिले ते लग्नातल्या सरबताच्या पिंपातले किंवा मासळी बाजारातल्या पेट्यांवरचे, त्यांना डोळ्यांपुढे मैलभर पसरलेले पांढरे पठार दिसले की काय होत असेल, याची कल्पना वाचकांना करता येईल.

गुलमर्ग श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात. उंची सुमारे २,६५० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. टंगमर्गपासून वर तेरा किलोमीटरचा घाट आहे. बर्फ असेल तर गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय तो चढता येत नाही. टंगमर्गलाच भाड्याने लांब कोट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मिळतात. ते अंगावर चढवले की बेळगावचा वकील, बडोद्याची मुख्याध्यापिका आणि हैदराबादचा औषधविक्रेता हे तिघेही सारखेच दिसू लागतात. (ही समता पुढे फार वेळ टिकत नाही.) उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तेच मैदान हिवाळ्यात पांढरे होते. १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे स्कीइंगचा क्लब काढला. १९९८ मध्ये गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास जाऊन पोहोचला. पायांना पट्ट्या बांधून तिथून खाली झेपावणारे लोक जगभरातून येतात. २०२० पासून ‘खेलो इंडिया’चे हिवाळी सामनेही इथे होऊ लागले.

पण स्की हे आपले काम नव्हे. आपल्यासारख्या प्रवाशाच्या वाट्याला येते ती घसरगाडी; तिथे तिला सगळे ‘स्लेज’ म्हणतात. एक लाकडी फळी, खाली बर्फावरून घसरणाऱ्या दोन पट्ट्या, पुढे दोरी. त्या फळीवर तुम्ही पाय लांब करून बसायचे आणि एका माणसाने दोरी खांद्यावर किंवा कमरेशी घेऊन तुम्हाला चढावर ओढत न्यायचे. वर पोहोचल्यावर तोच माणूस तुमच्या पुढे फळीवर बसतो, तुम्ही त्याला घट्ट धरता आणि दोघेही उतारावरून भरधाव खाली येता. चढ वीस मिनिटांचा असेल तर उतार मिनिटाचा.

या फळीवर आपण बसावे की नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. प्रश्न लहान आहे. पण त्याच्या आत शिरले की तो लहान राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे, विशेषतः घाटाखाली कोकण-गोव्यात, पोफळीची विरी गळून पडली की मुले तिच्यावर एकाला बसवून अंगणभर ओढत नेत. ज्यांचे बालपण त्या बाजूला गेले त्यांना ती खरखर अजून ऐकू येत असेल. काश्मिरी स्लेज पाहिल्यावर मला पहिली आठवण झाली ती विरीची. त्या खेळाला एकच नियम होता आणि तो कोणी शिकवावा लागत नसे: आधी तू बस, मग मी बसणार. पाळी हा त्या खेळाचा प्राण. एखादा मुलगा स्वतःची बसण्याची हौस भागवून, ओढायची पाळी आली की ‘आई हाक मारते’ म्हणून घरी पळे; त्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळात घेत नसे. गुलमर्गच्या मैदानावर हजारो माणसे विरीचाच खेळ खेळत असतात, फक्त त्यात पाळी बदलत नाही. बसणारा कायम बसणारा आणि ओढणारा कायम ओढणारा. मनाला जे कुठेतरी टोचते ते एवढ्याच कारणाने.

हे टोचणे न्यायालयापर्यंतही पोहोचलेले आहे. आणि तेही आपल्या माथेरानमुळे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान ‘शोधून काढले’. तिथे आजवर मोटारींना बंदी राहिली, म्हणून घोडे आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षा राहिल्या. निसर्ग जपायचा म्हणून यंत्राला मज्जाव, आणि यंत्राला मज्जाव म्हणून माणसाच्या खांद्यावर जू. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करा म्हणून सांगितले आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करा असा आदेश दिला. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही बजावले. या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की, विजेच्या रिक्षा मिळाव्यात ही मागणी मुळात ओढणाऱ्यांच्याच बाजूने पुढे आली होती. त्यांच्या खांद्यांना काय वाटते हे कोणा तत्त्वज्ञाने सांगण्याची गरज उरली नव्हती.

मग गुलमर्गचा प्रश्नही सुटला की! माथेरानात जे अमानुष ते गुलमर्गात मानुष कसे? आपण बसू नये, सरकारने बंद करावे, विषय संपला. हे उत्तर सरळ आहे, स्वच्छ आहे, आणि अर्धेच खरे आहे. त्यामागचा इतिहास मात्र पूर्ण खरा आहे. तो आधी पाहून घेऊ.

डोंगराळ मुलखात माणसाच्या पाठीचा इतिहास वेदनेचा आहे. काश्मीरच्या खेड्यांतून शेतकऱ्यांना धरून गिलगिटकडे सैन्याचे सामान वाहायला पाठवीत. उंच बर्फाळ खिंडींतून जाणाऱ्या त्या वाटेवरून पुष्कळजण परतलेच नाहीत. जमाबंदीचे काम करणाऱ्या वॉल्टर लॉरेन्स या अधिकाऱ्याने १८९५ च्या आपल्या ग्रंथात या बेगारीबद्दल लिहून ठेवले आहे. सिमल्याच्या बाजूला साहेबाचे सामान फुकट वाहण्याच्या सक्तीविरुद्ध १९२०-२१ च्या सुमारास जो लढा झाला, त्यात सफरचंदाच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले स्टोक्स हे मूळचे अमेरिकन गृहस्थ पुढे होते. आणि आपण तरी काय वेगळे? ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आपण आज बस वेळेवर न आल्याच्या तक्रारीतही वापरतो; पण ‘वेठ’ म्हणजे काय हे गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला ती आली त्यांनाच ठाऊक. वतनाच्या नावाखाली महारांकडून राबवून घेतल्या जाणाऱ्या या कामांविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. पुढे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात बेगारीला बंदी आली. त्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यातसुद्धा ‘बेगार’ हाच शब्द तसाच ठेवला आहे. साहेबाच्या भाषेला त्याचा नेमका प्रतिशब्द सापडला नाही, की त्या शब्दातला चाबूक भाषांतरात हरवेल अशी भीती वाटली, कोण जाणे.

तर या पार्श्वभूमीवर ज्याला स्लेजवर बसवत नाही त्याला मी हसणार नाही. पण त्याच्या नकाराचे पुढे काय होते तेही बघावे लागेल. गुलमर्गच्या आसपासच्या खेड्यांतला स्लेजवाला उन्हाळ्यात घोडा चालवतो, शरद ऋतूत कोणाच्या तरी बागेत सफरचंदांच्या पेट्या उचलतो आणि हिवाळ्यात दोरी धरतो. त्याचा हा हिवाळी धंदा किती नाजूक दोरीवर टांगलेला आहे पाहा. २०२४ च्या जानेवारीत बहुतेक दिवस गुलमर्गला बर्फच पडले नाही. तपकिरी मैदानाची छायाचित्रे देशभर फिरली आणि लोकांनी आरक्षणे रद्द केली. २०२५ मध्ये बर्फाअभावी हिवाळी सामने फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. त्यानंतर २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनला २६ माणसे मारली गेली. त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही होती, आणि प्रवाशांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. पुढे कित्येक महिने खोऱ्यातल्या घोडेवाल्यांना गिऱ्हाईक दिसेना. अशा माणसासमोर जाऊन ‘माझ्या विवेकाला पटत नाही म्हणून मी तुझ्या फळीवर बसणार नाही’ असे म्हणणे म्हणजे काय? माझा विवेक शुद्ध राहिला. त्याची किंमत त्याच्या चुलीने भरली.

याच्या उलट टोकाचे उत्तर आपल्या मंडळींना फार प्रिय आहे: ‘अहो, आपण बसलो नाही तर त्यांनी खायचे काय? उलट आपण बसणे हेच पुण्य.’ या उत्तराची मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते. कारण ते फार आरामशीर आहे. फळीवर बसल्या बसल्या पुण्यही पदरात पडणार असेल तर त्या हिशेबात काहीतरी चुकलेले आहे असे खुशाल समजावे. शिवाय हेच बोलणारे गृहस्थ दोन मिनिटांपूर्वी त्याच माणसाशी भाव पाडण्यासाठी घासाघीस करत असतात. तो हजार म्हणाला की हे तीनशे म्हणतात. तो सातशेवर येतो, हे पाठ फिरवून चालू लागतात. कारण पाठ फिरवली की तो मागे येणारच हे यांना ठाऊक असते. शेवटी चारशेवर सौदा तुटतो आणि संध्याकाळी हॉटेलात जेवताना ‘कसे उतरवले’ याची कथा सांगितली जाते. पुण्य ते हेच काय?

१९८२ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला चालला. दिल्लीत एशियाड सामन्यांसाठी बांधकामे चालू होती आणि तिथल्या मजुरांना किमान वेतनही पदरात पडत नव्हते. न्यायमूर्ती भगवती यांच्यासमोर मुद्दा असा आला की, या मजुरांवर कोणी काठी उगारलेली नाही, ते आपखुशीने कामावर आलेले आहेत. मग यात सक्ती कुठली? न्यायालयाने सांगितले की सक्ती नेहमी काठीनेच होते असे नाही. भूकही सक्ती करते. ज्याला दुसरा मार्गच नाही असा माणूस किमान मजुरीहून कमी पैशांत राबायला तयार होतो, तेव्हा ती घटनेच्या तेविसाव्या कलमातली सक्तीची मजुरीच असते.

मला वाटते, आपला प्रश्न या निकालाच्या उजेडात पुष्कळसा स्पष्ट होतो. फळीवर बसणे ही बेगार नव्हे. पाठ फिरवून चालू लागणे, त्याच्या घरी आज काय शिजेल हे आपल्याला ठाऊक आहे हे वापरून दर खाली आणणे, ही बेगारीची पहिली पायरी आहे. आपल्या हातात चाबूक नसतो हे खरे. पण तिथे चाबकाचे काम त्याची गरज करते आणि आपण फक्त मूठ धरतो. पुन्हा विरीच्या खेळाकडे यायचे तर, इथे पाळी बदलता येत नाही म्हणूनच मजुरी द्यायची असते. मजुरी ही पाळीच्या बदली दिलेली वस्तू. जो ती निम्म्यावर आणतो तो ओढायची वेळ आली की घरी पळणारा तो मुलगा आहे. एवढेच की आता त्याच्या डोक्यावर टक्कल आहे.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःही एक साध्य आहे हे धरून चालावे. आपण हे वाक्य भाषणात वापरताना त्यातला ‘केवळ’ गाळून टाकतो. पण सगळी खुबी त्या ‘केवळ’मध्ये आहे. न्हावी, टपालवाला, शिक्षक, बसचा चालक, सगळेच एकमेकांची साधने असतात; त्याशिवाय संसार चालायचा नाही. प्रश्न असतो की, तो माणूस साधनाहून अधिक काही आहे हे आपल्या वागण्यात कुठे दिसते का. आणि ते दिसण्याच्या जागा मोठमोठ्या नसतात.

२०२३ च्या फेब्रुवारीअखेर आम्ही गुलमर्गला होतो. बरोबर माझी थोरली बहीण होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. आणि पुण्यात शिकणारा एक भाचा. स्लेजवाले पुढे आले तसा भाचा म्हणाला, ‘मामा, मी नाही बसणार. माणसाने माणसाला ओढायचे म्हणजे काय! हे बरोबर नाही.’ अक्का म्हणाली, ‘नको बसूस. तुझे गुडघे शाबूत आहेत.’ तिने एका चाळिशीच्या माणसाला विचारले, किती? त्याने आकडा सांगितला. तिने मान डोलावली आणि शाल सावरून फळीवर बसली. घासाघीस करायची तिला सवयच नाही. भाजीवालीशीही करत नाही, त्यामुळे आमच्या घरात तिला बाजारात पाठवत नाहीत.

मी आणि भाचा बाजूने चालत होतो. मध्येच चढ तिखट झाला, माणूस थांबला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अक्काला राहवेना. तिच्या हिंदीत अर्धी मराठी आणि पाव कानडी असते. ती म्हणाली, ‘बेटा, तुम दमला. मैं उतरती.’ आणि खरोखरच उठू लागली. त्याने हाताने तिला खाली बसवले. चेहरा जरा उतरला होता त्याचा. म्हणाला, सफरचंदाच्या पेट्यांपेक्षा तुम्ही हलक्या आहात. मी दम घेतोय, हरलेलो नाही. मग भाच्याला सुचले, त्याने दोरी मागितली. माणसाने हसून दिली. दहा पावलांत फळी वाकडी होऊन उताराच्या कडेला सरकू लागली आणि अक्काने ‘अगं आई गं’ म्हणून हाक दिली. त्याने एका झेपेत दोरी धरली, पट्टी सरळ केली आणि भाच्याला समजावून सांगितले की ओढायचे खांद्याने नसते, पायाने असते; टाच कुठे रोवायची ते बर्फाचा रंग बघून कळते.

परत येताना तो पुढे बसला, अक्काने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघे खाली गेले. पांडुरंगाचा धावा वरपर्यंत ऐकू येत होता. आणि त्यात मिसळलेले हसणे दोघांचे होते. खाली भाच्याने आणखी एक गोष्ट करून पाहिली. एक तरुण स्लेजवाला रिकामा उभा होता. याने त्याला न बसताच शंभराची नोट पुढे केली. त्याने घेतली नाही. ‘बैठो, फिर दो,’ म्हणाला.

त्या दिवसापासून मी हा विचार करतो आहे की, दयेने उतरणाऱ्या अक्कावर तो माणूस नाराज का झाला आणि त्या तरुणाने नोट का घेतली नाही. गरिबाचा स्वाभिमान वगैरे म्हणून हे आपण पटकन गुंडाळून ठेवतो. मला वाटते त्याहून साधे काहीतरी आहे. दया करताना आपण त्याचे काम पुसून टाकतो. तिथे नुसता थकलेला, केविलवाणा देह उरतो. त्याला मात्र आपण एक कसब जाणणारा कामकरी आहोत हे माहीत असते, आणि त्याच नात्याने पैसे हवे असतात.

चढ आणि उतार यांतला फरकही तेव्हाच माझ्या लक्षात आला. चढावर तो ओझे ओढणारा असतो. बसलेल्याकडे त्याची पाठ असते आणि दोघांत बोलणे होत नाही. उतारावर तो सारथी असतो. वळण कुठे, खड्डा कुठे, वेग कुठे आवरायचा हे त्याला ठाऊक, आपल्याला नाही. आपला जीव त्याच्या टाचेत असतो. तीच फळी, तीच माणसे, आणि नाते पार उलटे. म्हणून ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चढ आपल्या पायांनी चढावा, उताराला त्याच्याबरोबर बसावे आणि पैसे मात्र दोन्हीचे द्यावेत, असे माझे मत झाले आहे. अक्कासारखीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी ती दोरी म्हणजे काठी. ती नसती तर तिने बर्फ गाडीच्या काचेतूनच पाहिले असते. एकच श्रम एकासाठी चैन असतो, दुसऱ्यासाठी आधार. माथेरानच्या रिक्षेत बसणारी म्हातारी आणि धडधाकट तरुण यांना एकाच मापाने मोजणे मला जड जाते. पण कायद्याला प्रत्येकाचे गुडघे तपासत बसता येत नाही, हेही समजते.

यंत्र आले की हा पेच सुटतो, अशी एक भाबडी समजूत आहे. गोंडोलात बसताना कोणाच्याही विवेकाला टोचणी लागत नाही, कारण ओढणारा दिसत नाही. २५ जून २०१७ ला वादळात झाड पडून तारेवरचा एक पाळणा फुटला आणि सातजण गेले: दिल्लीहून आलेल्या एका कुटुंबातले चौघे आणि त्यांच्याबरोबरचे तिघे स्थानिक. त्या पाळण्यात बसणारा आणि नेणारा यांच्यात फरक उरला नाही. अफरवतवर हिमलोट कोसळतात तेव्हाही असेच. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीपटू गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. स्वतःच्या हौसेने वर गेलेल्यांना शोधायला जे जातात, ते हौसेने गेलेले नसतात. स्लेजवाल्याचा घाम निदान डोळ्यांसमोर गळतो. बाकीच्यांचा आपण तिकिटाच्या किमतीत मोजून विसरून जातो.

आता गुलमर्गला बर्फावर पळणाऱ्या मोटारगाड्याही आल्या आहेत. त्या घेण्याइतका पैसा दोरी धरणाऱ्याकडे नसतो. म्हणूनच मला माथेरानच्या निकालातला बंदीपेक्षा पुनर्वसनाचा भाग मोलाचा वाटतो. १९८० साली पंजाबच्या सायकलरिक्षांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही हेच धरले होते: जो चालवतो त्यालाच परवाना असे म्हणायचे तर आधी त्याला रिक्षा विकत घेण्यासाठी कर्ज मिळाले पाहिजे. नाहीतर कायदा मालकाला हाकलण्याच्या नादात चालकालाच हाकलतो. उद्या गुलमर्गच्या स्लेज बंद झाल्या तर त्या माणसाच्या हातात दोरीऐवजी काय दिले जाईल, हे आधी विचारायला हवे. आणि विचारायचे तर त्यालाच. माथेरानच्या ओढणाऱ्यांनी आपले उत्तर दिले. गुलमर्गच्या उतारावर बर्फाचा रंग ओळखणाऱ्याचे उत्तर तेच असेल असे मी धरून चालणार नाही.

यंदाच्या हिवाळ्यात आपल्यापैकी काही घरे तिकडे निघाली असतील. चिल्लई बच्चाच्या दहा दिवसांतले बुकिंग दिवाळीच्या सुट्टीतच करून टाकतात लोक. जाणाऱ्यांनी टंगमर्गला बूट घेताना आपल्या मापाचे आहेत ना एवढे पाहून घ्यावे, आणि वर गेल्यावर स्लेजवाल्याने आकडा सांगितला की पाठ फिरवण्याआधी चढाकडे एकदा नजर टाकावी.